पाटावरची कात्री

लंडनचा दसरा शनिवारी येतो. पंचांगात तो गुरुवारी असो नाहीतर मंगळवारी, ईलिंगच्या कानिटकरांकडे तो शनिवारी दुपारी तीनलाच असतो. लीलावतीबाईंनी हा नियम त्र्याऐंशी साली केला, कारण तेव्हा त्यांना आणि त्यांच्या यजमानांना, अप्पांना, मधल्या वारी रजा मिळत नसे. अप्पा जाऊन सहा वर्षं झाली, बाई शाळेतून निवृत्त होऊन सोळा झाली, तरी वार बदलला नाही. देवीला कामाच्या दिवशी बोलावून ताटकळत ठेवण्यापेक्षा सुट्टीत बोलावलेलं बरं, असं त्या म्हणत.

दुसरा नियम चामड्याचा. पुढच्या दाराशी एक वेताची टोपली होती. पूजेला बसायच्या आधी पट्टा, पाकीट, पर्स, जे काही कातड्याचं असेल ते त्या टोपलीत जायचं. नातवंडं तीन वर्षांची झाली की हे शिकायची. अमेरिकेतली नात अनुया उन्हाळ्यात आली की आजीला मस्का लावायला आपले बूटसुद्धा त्या टोपलीत ठेवायची. आजी म्हणायची, बूट नको गं, बुटांना बाहेर जागा आहे. पण सवय लागली ती लागलीच.

आज टोपलीत संजयचा पट्टा होता. संजय म्हणजे जावई, मंजिरीचा नवरा. इलेक्ट्रिशियन. पँट एका हाताने धरून तो पाटाशी उभा होता आणि आपली पक्कड आणि टेस्टर लाल कापडावर मांडत होता. मंजिरीने शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला. क्रॉयडनच्या एका सेकंडरी शाळेत ती डेप्युटी हेड होती.

"आई, तुमची कात्री राहिली," संजय म्हणाला आणि खिडकीतून उचलून ती सासूबाईंच्या पुढे केली.

लीलावतीबाईंनी हात पुढे केलाच नाही.

"टोक कुणाकडे आहे, संजयराव?"

"अहो, बोथट आहे ती. पाच वर्षांच्या मुलांची कात्री."

"म्हणूनच. पातं आपल्या मुठीत, टोक आपल्याकडे, कड्या समोरच्याकडे. एकतीस वर्षं शिकवलंय मी हे. पाच वर्षांच्या मुलांना दोन दिवसांत जमतं, तुम्हाला या घरात बावीस वर्षं झाली."

संजयने हसत कात्री फिरवली. हिरव्या प्लॅस्टिकच्या कड्यांची, एका बाजूला पेनने 'मिसेस के' लिहिलेली ती कात्री बाईंनी हळदकुंकू लावून पाटाच्या मध्यभागी ठेवली. दर वर्षी तिची जागा तीच असे.

तेवढ्यात जिन्यावरून अतुल उतरला. थोरला मुलगा. जन्म, शाळा, कॉलेज सगळं ईलिंगमध्ये, पण गेली पंचवीस वर्षं टेक्सासात. तिथल्या स्कूल बोर्डावर, म्हणजे जिल्ह्याच्या शाळा चालवणाऱ्या मंडळावर, तो निवडून आला होता आणि त्याचं कौतुक गेला आठवडाभर घरात चाललं होतं. त्याच्या मागून अनुया आली, त्याची मुलगी. चोवीस वर्षांची, तिथल्याच प्राथमिक शाळेत दुसरीची शिक्षिका. नातवंडांत आजीच्या पावलावर पाऊल ठेवणारी ती एकटीच, म्हणून आजीचा जीव तिच्यावर जरा जास्तच.

अतुलच्या हातात काळ्या चामड्याची एक वस्तू होती. ती त्याने पाटावर, कात्रीच्या शेजारी ठेवली. वर दोन अक्षरं उमटवलेली होती, ए आणि के.

"हे अनुयाचं," तो म्हणाला. "शाळेतली पहिली तिघं जणं निवडली, त्यात आपली अनु. रिकामं आहे हं. आतलं तिकडेच लॉकरमध्ये आहे, तुमच्या देशात आणता येत नाही."

लीलावतीबाईंना आधी वाटलं चष्म्याचं घर असेल. मग त्या वस्तूचा आकार त्यांच्या लक्षात आला आणि त्यांचा हात हळदीच्या वाटीतच राहिला.

"चामडं आहे ते," त्या म्हणाल्या. दुसरं काही त्या क्षणी सुचलं नाही.

"आई, देवी रेड्याच्या मानेवर पाय देऊन उभी आहे. तिला चामड्याचं काय?" अतुल हसला. "आणि आज शस्त्रपूजा आहे ना? इतकी वर्षं आपण पक्कड पुजतोय. घरात पहिल्यांदा खरं शस्त्र आलंय."

"अनुया शाळेत पिस्तूल घेऊन जाते?"

"कार्डिगनच्या आत. मुलांना कळतही नाही."

अनुया जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच उभी होती.

मंजिरीचा संताप नेहमी हातांतून सुरू होतो. ती आधी वस्तू जागच्या जागी ठेवायला लागते. तिने निरांजन सरळ केलं, उदबत्तीचं घर हलवलं, मग ते चामडं दोन बोटांनी उचलून टीपॉयवर ठेवलं. दादा आठ दिवस या घरात राहिला होता, त्याने शाळांच्या बजेटबद्दल, फुटबॉलबद्दल, मुलांच्या डब्यांबद्दल तासन्‌तास गप्पा मारल्या होत्या, आणि हे मात्र त्याने देवीपुढे मांडायला राखून ठेवलं होतं. आईला नाही म्हणता येऊ नये म्हणून. लहानपणीही तो प्रगतिपुस्तक आरतीच्या वेळीच दाखवायचा.

"दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" ती म्हणाली. "सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात?"

"सात वर्षांच्या मुलांच्याच वर्गात घुसतात ते बंदूकवाले, मंजू. आमच्या शाळेपासून पोलिसांची सगळ्यात जवळची गाडी आठ मिनिटांवर आहे. मी स्वतः मोजलंय. त्या आठ मिनिटांत काय करायचं? दाराला टेबल लावायचं? मी मुलीचा बाप आहे. ती त्या टेबलामागे रिकाम्या हातांनी बसलेली मला नकोय."

"मग दारं मजबूत करा. बंदुका विकणं बंद करा. ते नाही जमत तुम्हाला. शिक्षकाच्या कमरेला बांधायला मात्र जमतं. शाई तिनेच आणायची, खडू तिनेच आणायचे, आता गोळ्याही तिनेच झेलायच्या आणि तिनेच झाडायच्या."

"तो अगदीच चुकीचं नाही बोलत," संजय म्हणाला.

मंजिरीने मान वळवली. बावीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्या माहेरच्या भांडणात तोंड घातलं नव्हतं.

"बघू नकोस अशी. फेब्रुवारीत तुझ्या शाळेच्या गेटवर त्या मुलाने सुरा काढला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या फ्यूजबॉक्समध्ये डोकं घालून बसलो होतो. तुझा कोट रफू करून आणला मी, बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेली. त्या दिवशी तुझ्याकडे काहीतरी असायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. रोज वाटतं."

"काहीतरी म्हणजे पिस्तूल?"

"काहीही."

"असतं तर मी त्याला मारलं असतं, संजय," मंजिरी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "माझे हात इतके कापत होते की त्याला नाहीतर त्याच्या मागच्या बसस्टॉपवरच्या कुणाला तरी. पंधरा वर्षांचा होता. दोन दिवस घरी जेवला नव्हता आणि कुणीतरी त्याला मारायची धमकी दिली होती. मी त्याला म्हटलं, सुरा कुंडीत टाक आणि आत चल, टोस्ट खाऊ. त्याने टाकला. आता दुसऱ्या शाळेत आहे, परीक्षा देतोय. त्याच्या आईने मला कार्ड पाठवलं."

"आणि त्याने टाकला नसता तर?" अतुल म्हणाला.

"तर मी मेले असते. ते मला माहीत आहे. तुला वाटतं मला ते माहीत नाही?"

संजय पँट सावरत सोफ्याच्या हातावर बसला.

अतुलला या घरात आलं की नेहमी एकवीस वर्षांचं झाल्यासारखं वाटायचं, आणि त्याला ते आवडायचं नाही. पुढच्या मंगळवारी बोर्डापुढे मतदान होतं, तीन शिक्षकांवरून ही योजना जिल्ह्यातल्या सगळ्या प्राथमिक शाळांत न्यायची की नाही यावर. भाषण त्याचं होतं. पहिलं वाक्य त्याने विमानातच पाठ केलं होतं: माझी स्वतःची मुलगी दुसरीला शिकवते आणि ती सज्ज आहे. लोक उभे राहून टाळ्या वाजवतील हे त्याला माहीत होतं. पंचवीस वर्षं तिथे राहून, प्रत्येकाला आपलं नाव चार वेळा सांगून, अखेर त्याच्यासाठी टाळ्या वाजणार होत्या.

"अतुल," आई म्हणाली, "तुला क्लिपबोर्ड आठवतो?"

त्याला ती कशाबद्दल बोलतेय ते लगेच कळलं, आणि म्हणूनच तो म्हणाला, "कुठला?"

"शहाण्णव सालचा. डनब्लेनच्या त्या शाळेत सोळा मुलं गेली आणि त्यांच्या बाई. माझ्या वर्गातल्या वयाची मुलं. दुसऱ्या दिवशी मी हजेरी घ्यायला उभी राहिले आणि मला नावं वाचता येईनात. तू कॉलेजात होतास. मी सांगितलं नव्हतं, तू आपण होऊन गेलास ईलिंग ब्रॉडवेच्या स्टेशनाबाहेर. थंडीत उभा राहून पिस्तुलांवर बंदी घाला म्हणून सह्या गोळा केल्यास. चारशे अकरा. घरी येऊन मला मोजून दाखवल्यास. आणि बंदी आली. तुझ्या सह्यांनी आली, असं मी आजवर लोकांना सांगत आले. मूर्ख म्हणायचं मला."

"तो देश वेगळा आहे, आई."

"मुलं वेगळी आहेत का?"

"तिथे बंदुका आहेतच. ते मी बदलू शकत नाही. माझ्या पोरीच्या हातात काय असावं तेवढं मी ठरवू शकतो."

"तू ठरवलंस?" मंजिरीने विचारलं. "अनुयाने नाही?"

अतुलने मुलीकडे बघितलं. "तिने सही केली आहे. अनु, सांग ना यांना. सांग तू सही केलीस ती."

सगळे जिन्याकडे वळले.

अनुयाला आठवडाभर जेवण जात नव्हतं आणि आजी ते जेटलॅगवर ढकलत होती. तिने सही केली होती, हे खरं होतं. बाबाने फॉर्म भरून आणला होता आणि पेन पुढे केलं होतं. बोर्डावरच्या माणसाची मुलगी नाही म्हणाली तर बाबाचं हसं होईल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ऐंशी तासांचं ट्रेनिंग तिने चांगल्या मार्कांनी पूर्ण केलं होतं. कागदी माणसांवर तिचा नेम छान होता.

ती खाली आली, टीपॉयवरचं चामडं उचलून तिने दाराशी नेलं आणि वेताच्या टोपलीत टाकलं. मग परत येऊन पाटासमोर जमिनीवर बसली.

"मी गणपतीत चूक केली," ती म्हणाली.

"कसली चूक?" अतुल म्हणाला.

"वर्गात फॅमिली शेअर डे होता. सगळे आपल्या घरचं काहीतरी आणतात. मी छोटा गणपती नेला, आजीने दिलेला. दिवा बॅटरीचा, कारण आग अलाउड नाही. मुलं गोल बसली होती. मी मूर्तीला हात लावायला गेले, आणि मला आठवलं की कमरेला चामडं आहे." तिने आजीकडे बघितलं. "मी विचार नाही केला, आजी. हात आपोआप गेला. तीन वर्षांची असल्यापासून करते ना. मी ते काढलं आणि मागच्या कपाटात ठेवलं. रंगीत कागदांच्या वर. आणि आरती केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हटलं, चला, आता आपण कागदाचा गणपती कापू या."

लीलावतीबाईंनी डोळे मिटले. अजून काहीच सांगितलं गेलं नव्हतं, पण एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला रंगीत कागदांच्या कपाटात आणखी काय असतं हे माहीत होतं.

"दर आठवड्याला एक कात्री-मॉनिटर असते," अनुया म्हणाली. "ती कपाटातून कात्र्या आणून सगळ्यांना देते. ती गेली. मी फळ्यावर कान काढत होते. ती माझ्या मागे येऊन म्हणाली, मिस के, हे तुमचं राहिलं."

"कव्हरसकट?" संजयने विचारलं.

"नाही. पट्टी नीट लागली नव्हती. नुसतं तेच."

"कसं धरलं होतं तिने?" हा प्रश्न मंजिरीचा होता, आणि तो विचारताना तिने तोंडावर हात ठेवला होता.

अनुयाने पाटाकडे बोट केलं. "तसं. कात्री देतात तसं. मीच शिकवलंय, आजीने मला शिकवलं म्हणून. नळी मुठीत, टोक तिच्याकडे. इथे, पोटावर. आणि दस्ता माझ्याकडे. बरोबर केलं तिने. एकदम बरोबर."

खोलीत बॉयलर सुरू झाल्याचा आवाज आला. संजय सोफ्यावरून उठला आणि उगाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"मी घेतलं. थँक यू म्हटलं. ती यू आर वेलकम म्हणाली आणि कात्र्या आणायला परत गेली."

अतुलने विचारलं, "कोणी पाहिलं?"

"काय?"

"वर्गात कॅमेरा आहे का? त्या मुलीने घरी सांगितलंय? तू प्रिन्सिपलला बोललीस?"

"कुणालाच नाही. पाच आठवडे झाले. मला रोज वाटतं तिचे आईवडील येतील. नाही आले. ती विसरली असेल. तिला काय, तिने फक्त एक वस्तू परत दिली."

"मग ठीक आहे. म्हणजे, ठीक नाही, पण आधी नीट विचार करू. मंगळवार होऊ दे. मतदान झालं की मी स्वतः प्रिन्सिपलशी बोलतो. नियम कडक करू, चामडं नको, प्लॅस्टिकचं कव्हर—"

"शरम वाटू दे, अतुल," लीलावतीबाई म्हणाल्या.

त्या कधी आवाज चढवत नसत, आजही चढवला नाही. पण मुलाशी असं त्या पन्नास वर्षांत बोलल्या नव्हत्या. "तुझ्या पोरीने एक पोर मरता मरता वाचलं असं सांगितलं, आणि तुझा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा? प्लॅस्टिकचं कव्हर? अरे, उद्या ती सर्दीने आजारी असेल, परवा तिला बाथरूमला जायचं असेल, तेरवा एखाद्या मुलाने पँट ओली केली म्हणून ती धावेल. बाईला दिवसात पन्नास वेळा हातातलं खाली ठेवावं लागतं. माझा चष्मा मी एकदा फ्रीजमध्ये ठेवला होता. वर्ग म्हणजे काय असतं ते तुला माहीत नाही आणि तू बोर्डावर बसलायस."

"दादा, हे मंगळवारपर्यंत थांबणार नाही," मंजिरी म्हणाली. आता ती डेप्युटी हेड झाली होती. "प्रिन्सिपलला आज लेखी कळवायचं. त्या मुलीच्या आईवडिलांनाही कळलं पाहिजे. माझ्या शाळेत कुणी हे पाच तास लपवलं असतं तरी मी त्याला घरी पाठवलं असतं. अनु, तुझी नोकरी जाईल. मी खोटं नाही सांगणार."

"माहितीये, आत्या."

"आणि लायसन्स," अतुल म्हणाला. "तिचं टीचिंग लायसन्स जाईल. पोलिस केस होईल. कळतंय का तुम्हाला काय सांगताय तिला? संजय, तू तरी बोल. मघाशी तू माझ्या बाजूने होतास."

संजय खिडकीतून वळला. "हो, होतो. मघाशी मी कात्री उलटी धरली होती, अतुल. मला शिस्त नाही म्हणून. त्या मुलीला शिस्त होती." त्याने हाताने डोळे पुसले. "मी नाही आता तुझ्या बाजूला."

अनुयाने फोन काढला आणि गुडघ्यावर ठेवून प्रिन्सिपलला लिहायला लागली. अतुल तिच्याकडे जायला निघाला, तशा लीलावतीबाई मधे आल्या. पाटावरची कात्री त्यांनी उचलली. पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाही, हा या घरातला तिसरा नियम, आणि तो आज पहिल्यांदा मोडला.

"धर," त्या म्हणाल्या.

"आई, हे काय नाटक—"

"धर म्हणते ना. पातं मुठीत, टोक स्वतःकडे. विसरलास? तुलाही मीच शिकवलंय. हं. आता मला आणून दे."

त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी हात पुढे केला. अतुल एक्कावन्न वर्षांचा माणूस, सहा फूट उंच, हातात पाच वर्षांच्या मुलांची कात्री. बोथट टोक त्याच्या शर्टाच्या बटणाला टेकलं होतं. एक पाऊल टाकून तो थांबला. त्याने खाली बघितलं.

"अनु," तो म्हणाला. "उंची किती आहे तिची?"

अनुयाने फोनवरून मान वर केली. ती जमिनीवर बसलेली होती. तिने हात सपाट धरून आपल्या डोक्याच्या दीड वीत वर नेला.

"एवढी. नाव हेझल. पुढचे दोन दात पडलेत, म्हणून मिस के नीट म्हणता येत नाही तिला."

अतुल त्या हाताकडे बघत राहिला. कात्री त्याच्या मुठीत तशीच होती, आणि ती खाली कुठे ठेवायची हे त्याला कळत नव्हतं.

"पाठव," तो अखेर म्हणाला. "पाठव तू. मी मंगळवारी काय बोलायचं ते बघतो."

"मी विचारत नव्हते, बाबा," अनुया म्हणाली. "मघाशीच गेलं ते."

लीलावतीबाईंनी त्याच्या हातातून कात्री घेतली, हिरव्या कड्यांनी धरून, आणि पाटावर तिच्या जागी ठेवली. मग त्यांनी संजयकडे काडेपेटी मागितली.